282 डोंगर, आणि गाडीत बसायचं नाही

मागच्या भागात आपण मुलींच्या सायकलीबद्दल बोललो. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकली किती घरांत मुलीच चालवतात आणि किती घरांत भावाने ताब्यात घेतल्यात, असा तो विषय होता. त्यावर बरेच फोन आले. एका ताईंनी विचारलं, "बाई माणूस सायकलवर आणि पायी, नुसत्या अंगच्या बळावर, किती लांब जाऊ शकतं?" आम्ही गटाच्या सगळ्याजणी याचं उत्तर शोधायला लागलो आणि थेट स्कॉटलंडपर्यंत पोचलो.

26 जून 2023 या दिवशी जेमी एरन्स नावाच्या बाईंनी स्कॉटलंडमधले तीन हजार फुटांवरचे सगळे, म्हणजे 282 डोंगर चढून पूर्ण केले. वेळ लागला 31 दिवस 10 तास 27 मिनिटं. एका डोंगराकडून दुसऱ्याकडे जाताना त्या मोटारीत, बसमध्ये, रेल्वेत कशातही बसल्या नाहीत. पायी, सायकलवर, आणि पाणी आडवं आलं तिथे वल्ह्याच्या छोट्या होडीतून गेल्या. त्यांच्या आधीचा विक्रम 2020 सालचा, डॉनी कॅम्पबेल यांचा, 31 दिवस 23 तास 2 मिनिटांचा. कॅम्पबेल नौदलाच्या सैनिकी दलात राहून आलेले. चाळिशी ओलांडलेल्या, सामाजिक कार्यकर्तीची नोकरी करणाऱ्या या बाईंनी तो साडेबारा तासांनी मोडला. हा बायकांचा वेगळा विक्रम नव्हे. बाया-पुरुष सगळे धरून तेव्हाचा सगळ्यात कमी वेळ त्यांचा ठरला. आणि या निमित्ताने त्यांनी पैसे गोळा केले ते वर्ल्ड बायसिकल रिलीफ या संस्थेसाठी. ही संस्था मुख्यतः आफ्रिकेतल्या खेड्यांत विद्यार्थी, आरोग्यसेविका, शेतकरी यांना दणकट सायकली पुरवते. म्हणजे आपला विषय सायकलीवरून निघाला आणि सायकलीवरच आला.

पण आज आम्हाला विक्रमाचं कौतुक सांगायचं नाही. तेवढं पळणं शंभरातल्या नव्व्याण्णव जणींना जमणार नाही आणि जमायची गरजही नाही. आमचं लक्ष गेलं ते त्यामागच्या आखणीकडे. असा प्रवास सावकाश, तीन-चार महिन्यांत करणारेही लोक आहेत. त्यांनाही सगळं आधी कागदावर मांडावं लागतं आणि ती मांडणी चुकली तर जीव जाऊ शकतो. ही मांडणी कशी करतात ते आज बघू.

आधी जागा समजून घेऊ. स्कॉटलंड हा ब्रिटनचा उत्तरेकडचा भाग. आकाराने महाराष्ट्राच्या साधारण चौथा हिस्सा आणि लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास. उत्तरेला आणि पश्चिमेला डोंगरच डोंगर, मधे लांबट तळी, समुद्राचे आत शिरलेले फाटे आणि फार तुरळक वस्ती. सगळ्यात उंच डोंगर बेन नेव्हिस, 1,345 मीटर. तुम्ही म्हणाल, एवढंच? आपली कळसूबाई 1,646 मीटर आहे, महाबळेश्वर गावच बेन नेव्हिसच्या शेंड्याएवढ्या उंचीवर बसलंय. खरं आहे. पण आपण एसटीने महाबळेश्वरला जातो तेव्हा चढ गाडी चढते. कळसूबाईच्या पायथ्याचं गावही मुळात उंचावर आहे. बेन नेव्हिसचा पायथा जवळजवळ समुद्राच्या पातळीला आहे, त्यामुळे उंची पहिल्या पावलापासून आपल्या पायाने मोजायची. आणि स्कॉटलंड उत्तरेला इतकं वर आहे की हजार मीटरवर मे महिन्यातही बर्फ सापडतं. बेन नेव्हिसच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो आपल्यासारखा चार महिन्यांत पडून मोकळा होत नाही, बाराही महिने पडत राहतो.

तीन हजार फुटांवरच्या या डोंगरांना तिकडे मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थाने 1891 साली अशा डोंगरांची पहिली यादी छापली, म्हणून त्याचं नाव पडलं. यादी नंतर बरेचदा दुरुस्त झाली. 2012 साली एक डोंगर नव्याने मोजला तर तो 914.4 मीटरऐवजी 913.96 भरला. 44 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मापाने एक हातही कमी नाही, तरी यादीतून बाहेर. तेव्हापासून आकडा 282. आपल्या बँकेत खात्यावर एक रुपया कमी असला तर चेक परत येतो, तसंच की!

यादीतले सगळे डोंगर पहिल्यांदा पूर्ण केले ते ए. ई. रॉबर्टसन या पाद्र्याने, 1901 साली, दहा वर्षांत, सुट्ट्या काढकाढून. शेवटच्या शिखरावर त्याने आधी तिथल्या दगडांच्या राशीचा मुका घेतला आणि मग बायकोचा, असं सांगतात. आमच्या गटात यावर बरंच हसू झालं. बायको बिचारी तिथवर चढून आली होती, तिचा नंबर दुसरा.

एकाच दमात, घरी न परतता सगळे डोंगर करणारा पहिला माणूस हेमिश ब्राऊन. साल 1974, दिवस 112. तो बहुतेक सगळं चालला, थोडी सायकल वापरली, बेटांवर जायला प्रवासी बोट घेतली. पुढे लोकांनी नियम आणखी कडक केला की बोटीचं इंजिनसुद्धा नको. 2000 साली ग्लासगोचे माजी पोस्टमन चार्ली कॅम्पबेल यांनी 48 दिवस 12 तासांत सगळे डोंगर केले आणि वाटेतलं समुद्राचं पाणी चक्क पोहून पार केलं. 2010 साली स्टीफन पाइक यांनी 39 दिवसांत केले, त्यांनी होडी वल्हवली. असा हा सिलसिला.

आता कागद-पेन्सिल घ्या.

पहिली गोष्ट, क्रम. 282 डोंगर म्हणजे 282 वेळा खाली-वर करायचं नाही. पुष्कळ डोंगर एकाच धारेवर माळेसारखे ओवलेले आहेत. ग्लेन शील नावाच्या खोऱ्याच्या दक्षिण बाजूला एका धारेवर सात मन्रो आहेत. एकदा वर चढलं की सात मोजून खाली उतरायचं. मॅमोर नावाच्या रांगेत दहा आहेत. उलट उत्तर टोकाचा बेन होप एकटाच उभा आहे. त्या एकासाठी लांबलचक सायकल हाणत जायचं, चढायचं, उतरायचं. सगळ्यात दक्षिणेचा बेन लोमंड आणि हा बेन होप यांच्यात सरळ रेषेत अडीचशे किलोमीटर अंतर आहे, पण वाटेतली तळी आणि खोरी वळसे घालून प्रत्यक्ष प्रवास त्याच्या कित्येक पट होतो. जेमीताईंचं पायी अंतर तेराशे किलोमीटरच्या आसपास आणि सायकल साडेबाराशेच्या आसपास झाली. चढ सगळा मिळून एक लाख तीस हजार मीटरच्या वर. म्हणजे समुद्रापासून एव्हरेस्ट पंधरा वेळा.

म्हणून आखणी करणारे आधी भिंतीवर मोठा नकाशा लावतात आणि डोंगरांचे घोळके पाडतात. एका घोळक्यातले डोंगर एका दिवसात किंवा दोन दिवसांत, मग सायकलने पुढच्या घोळक्याकडे. एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरायचं असेल तर सायकल मात्र पहिल्याच बाजूला राहते. मग एकतर परत त्याच वाटेने या, नाहीतर सायकल पलीकडे पोचवायला कोणीतरी माणूस हवा. हा एवढासा मुद्दा, पण अख्ख्या प्रवासाचं गणित त्यावर फिरतं. सोबत मदतीची माणसं घ्यायची की नाही, हे इथेच ठरतं.

मदत घेतली तर नियम मोडत नाही का, असं आमच्यातल्याच एकीने विचारलं. नाही. वारीचं उदाहरण घ्या. दिंडीचा ट्रक सामान, शिधा, तंबू घेऊन पुढच्या मुक्कामाला जातो, पण वारकरी चालतच जातो. तो ट्रकमध्ये बसला तर वारी कसली? इथेही तसंच आहे. सामान गाडीतून गेलं तर चालतं, माणूस नाही.

बेटांची गोष्ट वेगळी. स्काय बेटावर बारा मन्रो आहेत आणि 1995 पासून तिथे पूल आहे, त्यावरून सायकल जाते. मल बेटावर एकच मन्रो, आणि पूल नाही. एका डोंगरासाठी समुद्र ओलांडायचा, तोही वल्हवत, आणि भरती-ओहोटीच्या वेळा पाहून. वारा उलटा असला तर किनाऱ्यावर बसून राहायचं. म्हणून बरेच जण मलपासूनच सुरुवात करतात. तारीख मागेपुढे झाली तरी सुरुवातीलाच होते, मधे अडकून पडायला नको. स्टीफन पाइक आणि जेमीताई दोघांनीही पहिलं शिखर तिथलंच घेतलं. आपणही मोठं, बेभरवशाचं काम आधी उरकतो आणि मग रोजच्या कामाला लागतो, तसलाच हा हिशोब.

दुसरी गोष्ट, महिना. जूनमध्ये तिकडे सतरा-अठरा तास उजेड असतो, रात्री दहालाही धड अंधार पडत नाही. डिसेंबरात तोच उजेड सात तासांच्या आसपास उरतो. त्यामुळे एप्रिलअखेर ते जून हा काळ सगळ्यात सोयीचा. पश्चिमेकडे त्याच दिवसांत पाऊस जरा कमी असतो. उशीर केला तर चिलटांचा हंगाम सुरू होतो. मेअखेरपासून सप्टेंबरपर्यंत ही बारीक चिलटं ढगासारखी येतात. वारा असला की नसतात, वारा पडला की तंबूच्या बाहेर तोंड काढता येत नाही. गोचीडही आहेत, आपल्या गुरांना असतात तसे. माणसाला चावले तर त्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून रोज रात्री काखा, गुडघ्याची मागची बाजू, केसांची कड तपासून गोचीड चिमट्याने सरळ उपटून काढतात. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत हरणांच्या शिकारीचा मोसम असतो, तेव्हा काही खोऱ्यांत वाट बदलावी लागते.

हिवाळ्यातही हे करून दाखवलेलं आहे. 1984-85 च्या थंडीत मार्टिन मोरन यांनी सगळे मन्रो 83 दिवसांत केले. तेव्हा त्यांची पत्नी जॉय राहायची सोय असलेली गाडी घेऊन एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात पुढे जायची. काही शिखरांवर तीही चढली. बर्फातली गाडी, ओले कपडे, उशिरा परतणाऱ्या माणसाची वाट पाहणं, हे सगळं तिचं काम. विक्रम नवऱ्याच्या नावावर लागला. आमच्या मते निम्मा तिचा. हेच मोरन पुढे नामांकित मार्गदर्शक झाले आणि मे 2019 मध्ये आपल्या उत्तराखंडात, नंदादेवीच्या परिसरात, सोबतच्या सात जणांसह हिमस्खलनात गेले. इतका जाणकार माणूस. डोंगर कोणाची ओळख ठेवत नाही.

आता वेळेचा हिशोब, आणि हा भाग आम्हाला सगळ्यात आवडला, कारण तो आपल्या हिशोबवहीसारखा आहे. 1892 साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम मांडला. आजच्या मापात सांगायचं तर, दर पाच किलोमीटर चालीला एक तास धरा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. बेन नेव्हिसची नेहमीची वाट वरपर्यंत सुमारे आठ किलोमीटर आहे आणि चढ सुमारे 1,325 मीटर. आठ किलोमीटरचे दीड तासावर सहा मिनिटं, चढाचे दोन तास बारा मिनिटं. बेरीज जवळपास पावणेचार तास. त्यात थांबणं, खाणं, बुटांतले खडे काढणं धरलेलं नाही. पाठीवर ओझं असेल, बर्फ असेल, वारा तोंडावर असेल तर आणखी वाढवा. उतरताना गुडघे थकतात, त्याचे वेगळे. असं प्रत्येक दिवसाचं गणित मांडून त्यापुढे उजेड किती तास आहे ते लिहायचं. पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळ जायला लागला की त्या दिवसातला एक डोंगर कापायचा.

चार महिन्यांत म्हणजे 120 दिवसांत 282 करायचे तर दिवसाला सरासरी सव्वादोन-अडीच येतात. ऐकायला सोपं वाटतं. पण वादळाचे दिवस, पाय सुजल्याचे दिवस, सायकलची साखळी तुटल्याचे दिवस वजा करा. आपल्या गटात कर्जाचा हप्ता ठरवताना आपण दर महिन्याला मजुरी मिळेलच असं धरतो का? पावसाचे दोन महिने सोडून धरतो. इथेही आठवड्याला एक दिवस तरी कोरा ठेवावा लागतो. ज्यांची वही काठोकाठ भरलेली असते, ते पहिल्याच वादळात मागे पडतात आणि मग ते भरून काढायला नको त्या हवेत वर जातात. अपघात तिथे होतो.

खाण्याचं बघू. रोज आठ-दहा तास चढ-उतार करणाऱ्या माणसाला साध्या दिवसाच्या दुप्पट तरी खावं लागतं. कोरड्या शिध्याच्या हिशोबाने दिवसाला पाऊण ते एक किलो. पाच दिवसांचं पाठीवर घेतलं तर चार-पाच किलो नुसतं खाणंच, वर तंबू, पांघरूण, चूल. म्हणून हेमिश ब्राऊनने आधीच ठिकठिकाणी खाण्याची पार्सलं ठेवून दिली होती आणि वाटेत ती उचलत गेला. आजही एकट्याने जाणारे खेड्यातल्या पोस्टात किंवा मुक्कामाच्या ठिकाणी आधी डबे पाठवतात. तिकडचं नेहमीचं खाणं ओट. सकाळी त्याची खीर, वाटेत ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची छोटी, कडक, खारट भाकरीच. आपल्याकडून कोणी गेलं तर शेंगदाण्याची चिक्की, सातूचं पीठ आणि तिळाचे लाडू यांनीही तेच काम होईल. वजनाला कमी, ताकदीला जास्त. पाण्याला तोटा नाही, ओढे जिकडेतिकडे आहेत. फक्त वर मेलेलं मेंढरू पडलेलं नाही ना ते पाहून घ्यायचं.

मुक्कामाचं मात्र आपल्याला हेवा वाटावा असं आहे. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने कोणालाही, खाजगी जमिनीवरूनसुद्धा, जबाबदारीने चालण्याचा आणि दोन-तीन रात्री तंबू टाकून राहण्याचा हक्क दिला आहे. पिकात जायचं नाही, कोणाच्या घराच्या अंगणात जायचं नाही, घाण ठेवायची नाही. बास. शिवाय डोंगरात जुनी, सोडून दिलेली मेंढपाळांची आणि राखणदारांची दगडी घरं आहेत. त्यांना बॉथी म्हणतात. 1965 साली स्थापन झालेली माउंटन बॉथीज असोसिएशन अशा शंभराच्या आसपास घरांची डागडुजी करते, तीही स्वयंसेवकांच्या हातांनी. दाराला कुलूप नाही, भाडं नाही, वीज नाही, नळ नाही. आत लाकडी फळ्या आणि चूल. निघताना झाडून जायचं. आपल्या मालकीचं नसलेलं घर झाडून कोण जातं, असं आम्हाला वाटलं होतं. पण ते साठ वर्षं चाललंय.

जाता जाता एक सांगतो. हे डोंगर आज भटक्यांचे म्हणून ओळखले जातात, पण जुन्या काळी उन्हाळ्यात गावातल्या बाया आणि पोरी गुरं घेऊन वरच्या कुरणांवर राहायला जायच्या. तिथेच झोपड्या बांधून लोणी, चीज करायच्या. त्या झोपड्यांच्या भिंतींचे दगड अजून दिसतात. फिशरफील्ड नावाच्या दूरच्या रानात एक मन्रो आहे, रस्त्यापासून सगळ्यात लांब पडलेला म्हणतात तो. त्याचं गेलिक भाषेतलं नाव आ व्हायचन, म्हणजे कुमारिका. मन्रोसाहेबाने यादी करायच्या कितीतरी आधी या डोंगरांना नावं होती आणि ती गुरं राखणाऱ्यांनी ठेवलेली. मोर म्हणजे मोठा, बेग म्हणजे धाकटा, जेरग म्हणजे तांबडा, स्गूर म्हणजे सुळका. नावावरून डोंगर कसा आहे ते आधीच कळतं.

आता जिवाशी गाठ असलेला भाग. तिकडे डोंगरावर माणसं मरतात ती बहुतेक पडून, बर्फाच्या लोंढ्यात सापडून किंवा थंडीने. थंडी म्हणजे उणे वीस अंश लागत नाही. चार-पाच अंश, अंग भिजलेलं आणि जोराचा वारा, एवढ्याने शरीर आतून गार पडतं. लक्षणं ओळखायला शिका, ती आपल्याकडे भर पावसात शेतात राबणाऱ्या बाईलाही लागू आहेत. आधी खूप कापरं भरतं, मग बोलणं अडखळतं, हात चालत नाहीत, माणूस चिडचिड करतं किंवा एकदम गप्प होतं. आणि कापरं थांबलं पण माणूस सुस्तच आहे, तर ती सुधारणा नव्हे, धोका वाढलाय. ओले कपडे काढायचे, कोरडे घालायचे, वाऱ्यापासून आडोसा, शुद्धीवर असेल तर गरम गोड पाणी. दारू मुळीच नाही.

धुक्याचं उदाहरण ऐका. बेन नेव्हिसचा माथा पसरट आहे आणि एका बाजूला सरळ तुटलेला कडा. धुकं उतरलं की हातभर अंतरावरचं दिसत नाही. तेव्हा माथ्यावरच्या खांबापासून नकाशाचे 231 अंश धरून 150 मीटर चालायचं आणि तिथून 282 अंश धरायचे, असं ठरलेलं आहे. पहिले 150 मीटर कमी मोजले तर एका बाजूला कडा, जास्त गेलात तर दुसऱ्या बाजूला घळ, जिच्यात उतरून अनेकांनी जीव गमावलाय. म्हणून लोक आधी सपाट मैदानात आपली पावलं मोजून ठेवतात, शंभर मीटरला आपली किती पावलं पडतात ते. मोबाईलवर नकाशा असतोच, पण थंडीत बॅटरी उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. कागदाचा नकाशा आणि होकायंत्र प्रत्येकीच्या जवळ, एकीच्याच पिशवीत नाही.

स्कायवर एक मन्रो असा आहे की नुसतं चालून होत नाही. इनॲक्सेसिबल पिनॅकल, म्हणजे न गाठता येणारा सुळका. दगडाचं पातळ पातं उभं केल्यासारखं. चढायला कडेकडेने दोन्ही बाजूंना खोल दरी, उतरायला दोर. सर ह्यू मन्रो स्वतः 1919 साली वारले तेव्हा त्यांची यादी पुरी झालेली नव्हती. साध्या चालणाऱ्या माणसाने इथे दोर जाणणारा जोडीदार आधी ठरवून ठेवावा, हा दिवस वहीत वेगळ्या रंगाने लिहावा आणि कोरड्या हवेची वाट पाहावी.

नदीचंही तसंच. पावसानंतर ओढ्याला लोंढा येतो आणि सकाळी घोट्याइतका असलेला ओढा दुपारी कमरेला लागतो. ओलांडायचाच असेल तर सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे पडलात तर ओझं अंगावेगळं करता येतं. पण बहुतेक वेळा योग्य उत्तर एकच, थांबा किंवा वळसा घ्या. ओढ्याचं पाणी कसं चढतं आणि कसं ओसरतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

घरच्यांना किंवा मदतीच्या माणसांना रोज सांगून निघायचं, कुठून चढणार, कुठे उतरणार, आणि किती वाजेपर्यंत खबर आली नाही तर शोध सुरू करायचा. अडचण आली तर शिट्टी, मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. फोनला रेंज असेल तर 999 लावून आधी पोलीस मागायचे आणि मग डोंगरी बचाव पथक. ही पथकं स्वयंसेवकांची असतात. रात्री दोनला अंथरुणातून उठून येतात आणि पैसे घेत नाहीत.

बाईमाणसाच्या आखणीत आणखी एक पान असतं, ते आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पुरुषांच्या पुस्तकांत ते सापडत नाही. महिना-दोन महिन्यांच्या प्रवासात पाळी येणारच. ती तारीख वहीत लिहून त्या दोन दिवसांत लांबचा, आडोसा नसलेला पसरट माथा टाळता आला तर बरं. वापरलेले पॅड डोंगरात पुरायचे नाहीत. दोन पिशव्यांत घट्ट बांधून खाली आणायचे. काही जणी कप वापरतात, पण त्याची सवय घरी आधी करून घ्यावी लागते. भिजलेल्या पायांचंही तसंच. रात्री पाय पुसून, वाळवून, व्हॅसलीन चोळून कोरड्या मोज्यात घालायचे. तो मोज्यांचा जोड फक्त झोपायचा, कितीही मोह झाला तरी तो घालून बाहेर पडायचं नाही. फोड आला की त्याच दिवशी पट्टी. दुसऱ्या दिवशी बघू म्हणणारी चौथ्या दिवशी बसून राहते.

आणि परत फिरण्याची वेळ. ही सकाळी, खाली, डोकं शांत असताना ठरवायची. दुपारी दोनपर्यंत माथा आला नाही तर मागे, म्हणजे मागे. वर गेल्यावर, शेंडा समोर दिसत असताना ठरवायला गेलं तर माणूस स्वतःलाच फसवतं. सोबत दोघी-तिघी असतील तर आधीच ठरवून घ्या की सगळ्यात दमलेलीचं ऐकायचं. आमच्या गटात यावर वाद झाला. काही जणी म्हणाल्या, मग कोणीच वर पोचणार नाही. पण डोंगर पुढच्या आठवड्यात तिथेच असतो.

सगळे मन्रो पूर्ण झाले की काय मिळतं, असंही एकीने विचारलं. बक्षीस काही नाही. स्कॉटिश माउंटनिअरिंग क्लबकडे एक यादी आहे, आजवर सात हजारांहून जास्त नावांची. एक नंबरला तो 1901 चा पाद्री रॉबर्टसन. ही यादी सांभाळणाऱ्याला यादीचा कारकून म्हणतात. तुम्ही त्याला पत्र लिहून कळवायचं की माझे सगळे झाले, शेवटचा अमुक डोंगर, अमुक तारखेला. तो नाव लिहून घेतो आणि पुढचा क्रमांक कळवतो. खरंच चढलात का, याचा पुरावा मागत नाही.